मागची गाडी

गाड्यांच्या ताफ्याचा पहिला नियम. आरशात मागची गाडी दिसली पाहिजे. नाही दिसली, तर थांबायचं.

दाताचा डॉक्टर सहलीचा कप्तान झाला की रेडिओवरही ‘आ करा’ म्हटल्यासारखा बोलतो.

धुक्याला वास असतो. ओल्या दगडाचा, आणि थोडा जळक्या क्लचचा.

“बाबा, मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

जुनी जीप घेऊन डोंगरात जायचं हे लेकीचं खूळ. एकटीच निघाली होती. मी म्हटलं, आम्हीही येतो, ताफ्याबरोबर जाऊ. त्यावर तिने जे तोंड केलं, ते दिवसभर उतरवलं नाही. सगळ्यात पुढे कप्तान, सगळ्यात मागे ती, तिच्या पुढे मी आणि ही. एका कार्टीपायी आम्ही दोघं आपली हाडं खिळखिळी करून घेत होतो.

मी पूल तपासतो. तडा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तडा आहे, असं मी लिहीत नाही.

दुपारी धबधब्याजवळ वाट रुंद होती, तिथे काचा पुसायला सगळे थांबलो. पुन्हा निघालो तेव्हा धुकं बॉनेटवर येऊन बसलं होतं. आरशात दोन पिवळे दिवे. गाडी दिसत नव्हती, नुसते दिवे.

“पुढच्या फाट्यावर उजवीकडे,” रेडिओवर कप्तान. “डावी वाट दरड कोसळून तुटलीय. हं, सगळ्यांनी सांगा, कळलं?”

एकेक जण ‘कळलं’ म्हणाला. लेक बोलली नाही.

“तिला विचारा की,” ही म्हणाली.

“विचारलं की चावायला येते. तू विचार.”

“मला तरी कुठे सरळ उत्तर देते?”

तेवढ्यात रेडिओ खरखरला.

“बाबा.” लेकच. अगदी शांत. “मी पुढे आहे. धबधब्याजवळून तुम्हाला ओलांडून आले. डाव्या वाटेला लागलेय. चाक रुतलंय.”

“ओलांडून? अक्कल गहाण ठेवलीस का?”

“या ना.”

हिने माझा दंड धरला. “अहो, मग मागे कोण आहे?”

“असेल कोणी हौशी. आपलं शेपूट धरून आलेला.”

“कोणाशी बोलताय?” मधेच कप्तान. “मला फक्त तुमचाच आवाज येतोय.”

तिचा रेडिओ त्याच्यापर्यंत पोचत नसणार. डोंगर आड आला की असं होतं. तरी सवयीने मी खात्री करून घेतली.

“हॉर्न वाजव,” मी लेकीला म्हटलं.

रेडिओतून तिच्या जीपचा हॉर्न आला, घसा बसलेल्या कोंबड्यासारखा. मागचे दिवे गप्प होते.

झाली तपासणी.

फाट्यावर मी डावीकडे वळलो. कप्तान रेडिओवर ओरडायला लागला, तसा मी आवाज कमी केला. मागचे दिवे फाट्याशी थांबले. क्षणभरच. मग तेही डावीकडे वळले.

आणि आता मागून हॉर्न सुरू झाला. एकसारखा, हात न उचलता. दिवे उघडझाप, उघडझाप.

“हा तिचाच हॉर्न आहे हो,” ही म्हणाली.

“जुन्या जीपचे हॉर्न सगळे सारखेच.”

“थांबा. उतरून बघू.”

“धुक्यात उतरायचं नाही, हा कप्तानाचा दुसरा नियम. आणि तिकडे पोरगी अडकलीय. या उपटसुंभासाठी थांबू?”

वाट अरुंद झाली. एका बाजूला भिंतीसारखा कातळ, दुसऱ्या बाजूला पांढरं काहीतरी, ज्याला तळ नव्हता. चाकाखालचा दगड सुटून गेला. पडल्याचा आवाज आला नाही.

“बाबा, येताय ना?”

“येतोय गं बाई, येतोय!”

मागचा उजेड डोळ्यांवर येत होता. काय कटकट आहे, म्हणून मी आरसा छताकडे फिरवला.

ही सीटवर उलटी होऊन मागच्या काचेतून बघत राहिली.

“अहो, ती गाडी फार कडेला...”

हॉर्न वाजत होता.

मग वाजत नव्हता.

“गेला एकदाचा?” मी विचारलं.

हिची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती.

रेडिओ खरखरला.

“बरं झालं,” लेक म्हणाली. “आता मागे कोणी नाही. या, बाबा.”

तिच्या जीपचा चार्जिंगचा सॉकेट सकाळीच बंद पडला होता. म्हणून धबधब्याजवळ, मी काच पुसत होतो आणि ही कप्तानाशी बोलत होती तेव्हा, तिने आपला रेडिओ आमच्या मागच्या सीटवर चार्जिंगला लावला होता.