समासातली पेन्सिल

चंद्रतळाशी संपर्क तुटल्याचं सांगायला संस्थेचे संचालक स्वतः तळघरातल्या काचशाळेत उतरले, तेव्हाच दिनानाथ साखळकरांनी ओळखलं. एरवी ते कधी खाली येत नसत. प्रयोगासाठी बनवत असलेली काचेची नळी दिनानाथांच्या हातात अर्धी वितळली होती. तशीच सोडली तर तडकली असती, म्हणून त्यांनी आधी जोड पुरा केला आणि मग विचारलं, "मृदुला?"

संचालकांनी मान खाली घातली.

डॉ. मृदुला दिनानाथांची बायको, त्याच तळावर गेलेली. तिच्या हाताखाली पीएचडी करायला रांग लागायची. चार महिन्यांनी तिची शेवटची विद्यार्थिनी करुणा वळवी काचशाळेत आली. सोबत संगणक विभागाचे डॉ. सोनटक्के होते. आठवड्याभरात नवा मार्गदर्शक मिळाला नाही, तर करुणाची नोंदणी रद्द होणार होती.

"आमचा मार्गदर्शक-शोधक प्रोग्राम पदव्या बघत नाही," सोनटक्के म्हणाले. "मसुद्याच्या समासात कोणी शंका काढली आणि तिच्यामुळे प्रयोग पुन्हा झाला का, एवढंच बघतो."

करुणाने आपल्या मसुद्याचा कागद पुढे केला. "काका, मॅडम लाल शाईने लिहायच्या. शोधकाने पहिला नंबर या पेन्सिलीला दिलाय. हेही त्यांचंच ना?"

समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'नळी थंड झाल्यावर परत मोजलं का?'

"तिचं अक्षर इतकं घाण नव्हतं. माझं आहे. ती मसुदे घरी आणायची, चहा होईपर्यंत मी चाळायचो."

"म्हणजे दोन वर्षं मी तुमच्याच हाताखाली होते की!"

"अगं, मी आयटीआयवाला. पदवीच्या रकान्यात काय लिहू, फुंकणी?"

"सही मी करतो, शंका तुम्ही काढा," सोनटक्के हसले. "मॅडमचे स्वतःचे एकोणतीस मसुदेही तपासले. अठ्ठावीसांवर तुमची पेन्सिल आहे, आणि अठ्ठावीसही वेळा त्यांनी प्रयोग पुन्हा केलाय."

दिनानाथांनी बर्नर बंद केला. "आणि एकोणतिसावा?"

सोनटक्के घुटमळले. "चंद्रतळाच्या खिडकीचा. त्याचा समास कोरा आहे."

चौकशी अहवाल दिनानाथांना पाठ होता. काच आणि धातूचा जोड चंद्रावरच्या पहिल्याच, जवळपास पंधरा दिवस चालणाऱ्या गोठवणाऱ्या रात्री उकलला आणि तळावरची हवा निघून गेली. तो मसुदा आठ दिवस घरच्या टेबलावर पडून होता. मृदुलाने तो दोनदा त्यांच्यापुढे सरकवला होता. 'चंद्रावर जायचं ठरवलंच आहेस, मग मला कशाला विचारतेस,' म्हणून ते रुसून उठले होते.

"आण तो कागद," ते म्हणाले. कोऱ्या समासात त्यांनी लिहिलं: 'जोड सलग पंधरा दिवस गोठवून पाहिला का?'

करुणाने वाचलं. "नाही, काका. तीनच दिवस." मग हळूच म्हणाली, "नव्या तळाच्या खिडकीलाही हाच जोड आहे. यान अकरा दिवसांनी सुटतंय."

उड्डाण थांबवा म्हणून सांगायला दिनानाथ संचालकांकडे जिना चढू लागले. पंधरा दिवसांची ती चाचणी अजून व्हायचीच होती.