दोन आट्यांवरचा नट

आधी एक सांगून टाकते. बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये मी एकतीस वर्षं फिटर होते, आणि भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी दारात उभं करत नाही. गाडी आवाज करते त्याला कारण असतं. ते सापडेपर्यंत खाली निजून राहायचं, एवढंच मला येतं. निवृत्त झाल्यावर लोक कुंड्या लावतात. मी माझ्या धाकट्या भावाची मोडकी पिकअप क्रेननं उचलून अंगणात आणली.

शेजारीणबाई कुंपणावरून म्हणाल्या, "ताई, या भंगाराला आता काय नटवणार?"

"तुमच्या अंगणात नाही ना ठेवत? मग झालं तर," मी म्हटलं. माझं तोंड असंच आहे.

भाऊ याच गाडीत गेला. दोन वर्षांपूर्वी, गावाबाहेरच्या टेकडीच्या उतारावर, लख्ख उन्हात, कोरड्या रस्त्यावर. वळण आलं आणि गाडी वळलीच नाही. कागदावर लिहिलं गेलं, 'चालकाचा अतिवेग व निष्काळजीपणा'. त्या शब्दांनी माझ्या भावजयीचं काय केलं ते मी जवळून बघितलंय. रडायचं सोडून ती रागावून बसली. "घरी दोन लेकरं आहेत हे विसरून गाडी उडवत होते, ताई," एवढं एकदा म्हणाली, आणि त्यानंतर नवऱ्याचं नावही तिनं काढलं नाही. मला ते शब्द पुसायचे होते. ज्याच्या पापामुळे ते लिहिले गेले, त्याच्याच तोंडून पुसून घ्यायचे होते.

तो म्हणजे भावाचा भागीदार. सगळं गाव त्याला पार्टनरच म्हणतं. दोघं मिळून सामानाची ने-आण करायचे. अपघाताच्या आदल्या दिवशी पिकअपच्या स्टिअरिंगचं काम पार्टनरनं स्वतः केलं होतं. नंतर सगळ्यांसमोर तो छाती पिटून रडला. "ताई, मी सगळं नीट कसलं होतं हो. निघताना त्यानं खाली वाकून बघितलंसुद्धा. खूण होती!"

ही खूण काय ते सांगते. नट पूर्ण कसला की आम्ही ब्रशनं एक रेघ ओढतो, नटावरून थेट शेजारच्या लोखंडावर. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. आधी पाना, मग ब्रश. हे मी भावाला शिकवलं आणि भावानं पार्टनरला. मी पांढरा रंग वापरायचे, भाऊ आणि पार्टनर पिवळा. भाऊ डावखुरा, म्हणून त्याची रेघ माझ्या उलट्या बाजूला कललेली असायची.

गाडी खोलायला घेतली तेव्हा तिसऱ्याच दिवशी मला हवं ते सापडलं. स्टिअरिंगचा दांडा चाकाला जिथं जोडतात, तिथला नट जागेवर नव्हता. बोल्ट मात्र होता, आणि त्याच्या मधल्या आट्यांवर पिवळा रंग वाळलेला होता. जिथं नट बसतो, नेमका तिथं. नट कसलेला असता तर तिथं रंग पोचलाच नसता. पार्टनरनं घाईघाईत सगळे नट हातानं दोन-दोन आटे चढवले, सगळ्यांवर खुणा करून टाकल्या आणि मग पाना घेतला. एक राहिला. नट निघू नये म्हणून त्यात घालायची पिनही राहिली. भाऊ वाकला, त्याला पिवळी रेघ दिसली आणि तो विश्वासानं निघाला.

बोल्ट हातात घेऊन मी किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. चहा गार झाला. पार्टनरला बोलावून दाखवला तर त्याची पापणीसुद्धा लवली नाही.

"ताई, दोन वर्षं उन्हापावसात पडलंय ते. रंग ओघळला असेल."

"वाळलेला रंग ओघळतो? कुठल्या शाळेत शिकलास रे?"

"तुम्हाला दुःख झालंय, मी समजू शकतो," तो म्हणाला. त्याच्या त्या समजुतीच्या मुस्कटात मारावीशी वाटली. पण दुसऱ्या दिवसापासून तोच मदतीला म्हणून येऊ लागला. खाई त्याला खवखवे.

मी कामाला लागले. कुजलेला पत्रा कापून नवा जोडला. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले, जुनी वायरिंग उपटून नवी ओढली. स्टिअरिंग पूर्ण नवं घेतलं, पॉवरवालं, एका बोटानं फिरणारं. तो रंग लागलेला बोल्ट जपून ठेवला आणि त्याच्या जागी कोरा लावला. प्रत्येक नट कसल्यावर पांढरी रेघ.

एका दुपारी जेवून आले, गाडीखाली सरकले, आणि माझ्या पांढऱ्या रेघेशेजारी एक पिवळी रेघ दिसली. उलट्या बाजूला कललेली. बोट लावलं तर ओली होती. टर्पेंटाइनचा वास येत होता.

पार्टनरचे चाळे, हीच माझी पहिली समजूत. मला वेडी ठरवायचा डाव असणार. मी फाटकाला कुलूप लावलं. मग तो आठ दिवस माल घेऊन परगावी गेला, आणि त्या आठ दिवसांत इंजिनाच्या, ब्रेकच्या, मागच्या स्प्रिंगपट्ट्यांच्या अशा सगळ्या नटांवर पिवळ्या रेघा आल्या. चार नट कसायचे माझ्याकडूनही राहून गेले होते, वय झालं आता. त्या चारांवर रेघ नव्हती. ते कसून आत पाणी प्यायला गेले. परत आले तर त्यांच्यावरही ओढलेली होती.

घाबरले का? नाही. मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. "तपासतोस काय रे माझं काम? मी शिकवलंय तुला," मी गाडीखालून म्हटलं. वर कुणीतरी सीटवर बसल्यासारख्या स्प्रिंगा कुरकुरल्या. मांजर असेल म्हणून मी वर बघितलं नाही.

एकच नट वेगळा वागत होता. दांड्याचा, चाकाजवळचा, तोच.

तो मी कसायचे, पिन घालायचे, पिनेचे पाय वाकवायचे. तासाभरानं बघावं तर पिन खाली फरशीवर सरळ होऊन पडलेली, नट दोन आट्यांवर आलेला, आणि त्याच्यावर पिवळी रेघ. नटावरून उघड्या आट्यांवर गेलेली. ही रेघ माझ्यासारखी कललेली होती, उजव्या हाताची. पार्टनर उजव्या हातानं काम करतो.

सहा वेळा कसला, सहा वेळा तेच. सातव्यांदा कारण शोधायचं सोडलं. भाऊ मला काय दाखवतोय ते लहान पोरालाही कळलं असतं.

मी मोबाइलवर त्या नटाचा फोटो काढला. मग माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आणि मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, दोन वर्षांत पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

पार्टनर परत आल्यावर त्याला म्हटलं, "उद्या अकराला ये. गाडी तयार आहे, एक फेरी मारू."

मी काही वेडी नाही. सकाळी नट पूर्ण ताकदीनं कसला, नवी पिन घातली, आणि तो येईपर्यंत चाकाजवळ स्टूल टाकून बसले. नजर हलवली नाही. निघताना पुन्हा वाकून बघितलं. नट जागच्या जागी, पिन जागच्या जागी. मला त्याला फक्त घाबरवायचं होतं.

गाडी छान चालली. इंजिन एकसुरी, स्टिअरिंग लोण्यासारखं. पार्टनर शेजारी पट्टा लावून बसला होता आणि उगाच बडबडत होता, ताईंच्या हाताला तोड नाही वगैरे. मी टेकडीचा रस्ता घेतला तेव्हा त्यानं सीटची कड घट्ट धरली.

"इकडे कशाला, ताई?"

माथ्यावर गाडी थांबवून मी मोबाइल त्याच्यापुढे धरला. "हा आपल्या खालचा नट. आजचा. दोन आट्यांवर आहे, पिन नाही. मी मुद्दाम तसाच ठेवलाय."

त्यानं फोटो बघितला. ती रेघ कुणाच्या हाताची आहे हे त्याला माझ्याआधी कळलं असावं, कारण त्याचे ओठ पांढरे पडले.

"गंमत करताय तुम्ही."

मी ब्रेक सोडला. गाडी उताराला लागली.

"माझ्या भावजयीला फोन लाव. स्पीकरवर टाक. खरं सांग, मी थांबवते. नाहीतर माझं काय, अठ्ठावन्न झाली, मागे रडणारं कुणी नाही."

"ताई, पाया पडतो तुमच्या!"

"माझ्या नको पडू. फोन लाव."

त्यानं लावला. भावजयीनं उचलला, आणि तो भडाभडा बोलत सुटला. घाई होती, खुणा आधी केल्या, एक नट कसायचा राहिला, दुसऱ्या दिवशी कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं, मग तोंड उघडायची छाती झाली नाही.

पलीकडून भावजयीचा आवाज आला, अगदी बारीक. "म्हणजे ते वेगात नव्हते?"

"नव्हते, वहिनी."

ती रडू लागली. दोन वर्षं तुंबलेलं रडणं होतं ते. माझं काम झालं होतं. मी ब्रेकवर पाय ठेवला.

पाय खाली गेला, पण गाडीचा वेग होता तेवढाच राहिला.

वळण समोर आलं. मी स्टिअरिंग फिरवलं.

ते फिरलं. फिरतच राहिलं, हलकं, बाटलीच्या सैल झाकणासारखं. खाली कशालाच जोडलेलं नव्हतं.

पार्टनर ओरडला. मी डोळे मिटले नाहीत, म्हणून सांगू शकते. स्टिअरिंग माझ्या हातात गरगरत होतं आणि गाडी वळत होती. शांतपणे, रस्त्याची कड धरून, अंगाला झोकसुद्धा न देता. वळणापुढे रस्ता रुंद होतो तिथं ती बाजूला घेऊन उभी राहिली. इंजिन बंद झालं.

मी चावी काढून मुठीत घेतली, उतरले, खाली वाकले. दांडा सुटून लोंबत होता. नट नव्हता, पिन नव्हती. ही गाडी एक वीतभरही वळू शकत नव्हती.

"बास, बाळा," मी म्हटलं. "बोलला तो. झालं आता."

आतून काचेवर थापा पडत होत्या. पार्टनरचं दार उघडत नव्हतं. तोंडावरून कळत होतं, तो माझ्या नावानं हाका मारत होता. आवाज मात्र बाहेर येत नव्हता.

ते दार मी बाहेरून उघडू शकले असते. हात पुढे केला होता. मग तो मागे घेतला.

इंजिन सुरू झालं. चावी माझ्या मुठीत होती.

चालकाच्या सीटची गादी खाली दबलेली होती.

गाडीनं रुंद रस्त्यावर सावकाश अर्धं वर्तुळ घ्यायला सुरुवात केली, परत वर, माथ्याकडे, जिथून उतार सुरू होतो. मागे-पुढे एकही वाहन नव्हतं. तरी वळण्याआधी तिचा इंडिकेटर लागला होता, आणि वळण पूर्ण होईपर्यंत चालू राहिला. माझा भाऊ रिकाम्या रस्त्यावरसुद्धा तो द्यायचा.