पानांची मिटलेली तोंडं

संध्याकाळी काचघरात शिरता शिरता बाबांनी तिच्या पर्समधली नेलपॉलिशची बाटली पळवली.

"बिनरंगाचं आहे ना? मग झालं." बुटक्या स्टुलावर बसून त्यांनी टोमॅटोच्या रोपाचं अगदी खालचं पान उलटं केलं आणि ब्रश फिरवला.

"बाबा, ते नखांना लावतात."

"नखं काय सांगणार मला? पानाच्या पाठीला बारीक तोंडं असतात. उजेडात उघडतात, अंधारात मिटतात. पाणी कमी पडलं की मिटतात. हवेत कार्बन डायऑक्साइड फार झाला तरी मिटतात. पोट भरलेलं असतं ना! पॉलिश वाळलं की त्या घडीचा साचा मिळतो. मागाहून पान काहीही करो, साचा बदलत नाही."

दारातून काका हसले. "पोरी, तुझा बाप आता झाडांचे दातही मोजणार बघ!"

तीही हसली. काका असले की तिला हसू यायचंच.

बाबा मात्र हसले नाहीत. "रोग याच तोंडांतून आत शिरलाय. उद्या ऊन चढलं की शेवटचे साचे घेतो. मग सगळी रोपं जाळायची."

"दादा, अख्खं आयुष्य घातलंय मी या रोपवाटिकेत."

"आणि ही रोपं ज्यांच्या शेतात जातील, त्यांच्या आयुष्याचं काय?"

वाळलेले साचे सोलून घेऊन बाबा घरी आले, जेवले, झोपले.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात ते त्याच स्टुलापाशी पडलेले सापडले. ब्रश बोटांतच होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय. लोक म्हणाले, या वयात असल्या उकाड्यात बसायचंच कशाला. तिच्या गळी ते उतरेना. जिने चढताना तिला धाप लागायची, बाबांना नाही. तिनं मास्तरांना बोलावलं.

मास्तर पूर्वी शाळेत विज्ञान शिकवत, आता खासगी तपास करत. सोबत निवृत्त हवालदार असायचे. त्यांचं शरीर आणि शंका दोन्ही सावकाश हलायची.

"त्या सकाळी आवारात कोण होतं?" मास्तरांनी विचारलं.

"काका आणि माळी. दोघंच."

काकांशिवाय तिला आता कुणी उरलं नव्हतं. माळी निघू दे, असं तिच्या मनात आलं, आणि तिची तिलाच लाज वाटली.

काकांचे डोळे रडून सुजले होते. "त्या पहाटे मीच पाणी घातलं, चांगलं गच्च. मग खिडक्या उघडल्या. त्या उघड्याच होत्या."

"उघडता कुठून?"

"माझ्या खोलीत खिडक्या उघडायची चक्री आहे. किल्ली माझ्याकडेच असते. माळ्याच्या हाती दिली तर वादळातही उघड्या ठेवील तो."

"आणि कोपऱ्यातला हा सिलिंडर?"

"कार्बन डायऑक्साइडचा. रोपं जोमानं वाढावीत म्हणून थोडा थोडा सोडतो. इतक्यात हातही लावला नाही."

माळी तिच्याकडे बघत नव्हता. "मी फाटकापाशी खत उतरवत होतो. ऊन तर असं, की डोळा उघडवेना. काकांनी हाक मारली तेव्हा आलो. खिडक्या उघड्या दिसल्या."

"सिलिंडर कधी आणला?"

"परवाच. भरलेला. काकांनीच आणवला."

मास्तरांनी सिलिंडरची कळ फिरवली. फुस्स देखील झालं नाही.

"गळला असेल," हवालदार म्हणाले.

"असेल," म्हणत मास्तर खाली वाकले. सर्वांत खालच्या पानाच्या पाठीवर काहीतरी चकाकत होतं. तो साचा त्यांनी चिमट्यानं अलगद सोलला. दुसऱ्या दिवशी तशाच उन्हात, त्याच रोपाला गच्च पाणी घालून, खिडक्या उघडायला लावून त्यांनी शेजारच्या पानाचा साचा घेतला आणि सगळ्यांना काचघरात बोलावलं.

बाबांच्याच सूक्ष्मदर्शकाखाली दोन काचा होत्या. "हवालदार, बघा."

"ही आजची... तोंडं आ वासलेली. आणि ही साहेबांची..." हवालदारांनी दुसरा डोळाही लावून पाहिला. "सगळी मिटलेली. म्हणजे साहेब रात्रीच गेले!"

"रात्री ते घरी झोपले होते. संध्याकाळचे साचे ते सोलून घेऊन गेले होते, म्हणजे हा साचा दुसऱ्या दिवशीच्या उन्हातला आहे. मग तोंडं मिटली का? अंधार नव्हता, हे माळी सांगतो. तहान नव्हती, हे काका सांगतात. रोगामुळे म्हणावं, तर तेच रोप आज उघडलंय. उरलं एकच कारण."

"कार्बन डायऑक्साइड," ती म्हणाली. आवाज आपलाच आहे हे तिला क्षणभर कळलं नाही.

"गळला असेल!" काका घाईनं म्हणाले. "हवालदारही म्हणालेच की."

"पहाटेपासून खिडक्या उघड्या असत्या, तर गळलेला वायू निघून गेला असता. तो जड असतो. बंद घरात जमिनीलगत साचतो. खालची पानं बघायला वाकलेल्या माणसाच्या नाकाशी साचतो. खिडक्या बंद होत्या, काका. तुमचे दादा पडल्यावर तुम्ही त्या तुमच्या खोलीतून उघडल्या. चक्री तिथे, किल्ली तुमची. वायू उडून गेला, पानंही पुन्हा उघडली असतील. पण वाळलेलं पॉलिश तुम्हाला दिसलं नाही."

हवालदार न सांगता दाराशी जाऊन उभे राहिले.

काका स्टुलावर बसले. म्हणाले, "दादाला त्रास झाला नसेल. झोपच लागते म्हणतात."

"नाही," मास्तर म्हणाले. "आधी जीव गुदमरतो."

बाहेर माळी रडत होता. हवालदारांनी फोन लावला.

"पोरी," काकांनी तिच्याकडे पाहिलं. "शिव्या दे, पण काहीतरी बोल."

तिनं शिव्या शोधल्या. सापडल्या नाहीत.

"सायकल तुम्ही शिकवलीत," ती म्हणाली. "तापात उशाशी तुम्ही बसायचात. बाबा इथे असायचे, या पानांत. मी कधी कुणाला बोलले नाही, काका. मला बाबांपेक्षा तुम्ही जास्त आवडायचात."