हजार किलोमीटरच्या आत

"ओ मॅडम, तुमची गाडी रडतीय!"

आठ वर्षांपूर्वीचा तो रविवार. चाकण-तळेगाव रस्ता, माझी चार दिवसांची नवी कोरी गाडी, आणि खिडकीशी मोटरसायकल आणून ओरडणारा एक अनोळखी मुलगा. मी घाबरून गाडी कडेला घेतली. त्यानं हेल्मेट काढलं. कपाळावर घाम, डोळ्यांत हसू.

"चौथा गिअर आन् वेग तीस? गुदमरतंय ना एंजिन!"

"शोरूमवाल्यांनी सांगितलंय, पहिले हजार किलोमीटर जपून चालवा," मी ठसक्यात म्हणाले.

"जपून म्हंजे रडवत न्हाई. वेग कमी-जास्त करत राहायचा. आतले भाग नवे असत्यात, एकमेकांशी जुळायला वेळ लागतो. मी कंपनीत एंजिनच जोडतो, म्हणून सांगतोय." मग जरा घुटमळून, "पुढच्या रविवारी... आवाज ऐकायला येऊ का?"

मी हो म्हणाले. का, ते तेव्हा मलाही कळलं नव्हतं.

तो गणराज, महाळुंग्याचा. मी योगिनी, मूळची लातूरची. चाकणला नोकरी, मोशीला आई-अण्णांबरोबर राहायला. मग दर रविवारी सकाळी आम्ही निघायचो. कधी भामचंद्राच्या पायथ्याशी, कधी चासच्या धरणाकडं. तो डोळे मिटून एंजिन ऐकायचा. "आता दाबा... आता सोडा..."

मी त्याच्याकडं बघत राहायचे.

"रस्त्याकडं बघा."

"बघतेय की."

"माझ्या कानाकडं बघताय तुमी," तो डोळे न उघडताच म्हणायचा.

काटा नऊशे चाळीसवर आला, तसा माझा जीव खाली-वर होऊ लागला. हजार झाले की सर्व्हिसिंग... मग तो कशाला येईल? त्यात अण्णांनी लातूरकडचं एक स्थळ आणलेलं. मी गाडी दारात ठेवली आणि कामावर बसनं जायला लागले. तेवढेच किलोमीटर वाचतील!

चौथ्या दिवशी संध्याकाळी बसस्टॉपवर त्यानं मला गाठलं.

"गाडी बिघडली?"

"नाही."

"मंग?"

"नऊशे चाळीस झालेत," मी कशीबशी म्हणाले. "हजार झाले की तुम्ही... येणार नाही ना?"

त्याचे कान लालबुंद झाले. एवढ्यात बस आली. मी चढले, रडू आवरत. मागं वळून बघते, तर मोटरसायकल पानटपरीशी लावून तोही धावत चढलेला!

"अहो, कुठं निघालात?"

"तुमच्या अण्णांना भेटायला. माझ्या आईच्या कानावर घातलंय मी, महिना झाला. तुमालाच सांगायचा धीर हुईना." गर्दीत, दांडीला लटकत, तो हळूच म्हणाला, "चालेल ना?"

मी मान हलवली.

कंडक्टर आला. "कुठं?"

"दोन द्या," गणराज म्हणाला, "ह्या सांगत्याल तिथली."

मी "मोशी" म्हणाले, पण इतक्या हळू की कंडक्टरनं दोनदा विचारलं.