पंधराशे मीटरखालचा खजूर

"उघड नवरी, उघड ओंजळ, नवऱ्याची आली धूळ उजळ..."

खजुराच्या शेंड्याशी दोराने स्वतःला बांधून, नरझाडाचा तुरा मादीझाडाच्या मोहरात खोवताना हेदियाचा बाप हे गाणं म्हणायचा. ती सात वर्षांची असताना तो बाग टाकून फ्रान्सला निघून गेला, असं बशीरकाकाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी बागेत तिला तेच गाणं ऐकू आलं. बारीक, कुठूनतरी खालून.

"झावळ्यांतला वारा गं," म्हणत काकाने तिला उचलून घरी आणलं.

त्या साली जुन्या विहिरीलगतच्या खजुराला बिनबियांची फळं लागली. तुरा खोवायचा राहिला की तशीच लागतात. बायका म्हणाल्या, झाड अर्धं टाकणारा बाप पोरीला काय पुरा पडणार! तीस वर्षं हेदियाने ते कडू बी जिभेखाली धरलं. बापाचं नाव घेतलं नाही.

आता ती ट्युनिसच्या प्रयोगशाळेत दगड आम्लात विरघळवायची. दगड विरतो, पराग उरतो. त्यावरून थराचं वय कळतं. या वसंतात आलेला दगड तिच्या गावचा, तोझूरचा होता, त्यांच्याच बागेत पाडलेल्या बोअरचा. अकरा कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा खजूर जन्मालाही आला नव्हता.

आणि भिंगाखाली खजुराचा परागकण होता.

"बाई, खाऊन झाल्यावर हात धुवत जा!" शेजारच्या टेबलावरून रिधा म्हणाला. "बागवानाची लेक ती बागवानाचीच."

तीही हसली. मग तिने कणावर रंग सोडला. आजचा कण लालभडक होतो. हा झाला नाही. भोवतीच्या कणांसारखाच, भूगर्भाच्या उष्णतेने भाजून तपकिरी झालेला.

बाहेरचं काही मिसळायला नको म्हणून तिने दगडाचं काळीज कापलं. नवी भांडी, नवं आम्ल. या खेपेला चाळीस कण निघाले. तुरा झटकल्यावर पडतात तसे, झुपक्याने.

तिसऱ्या खेपेला मोजता येईनात. त्यांच्यात दोराच्या काथ्याचा तंतू होता. तपकिरी. माणसाच्या हाताने वळलेला.

रिधा हसला नाही. "अहवालात काय लिहिणार?"

तिने दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तोझूरला पोचली. काकाने खजुरांची ताटली पुढे सारली. जुन्या विहिरीपाशी बोअर नको म्हणून हा म्हातारा एकटा साऱ्या गावाशी भांडला होता. हेदियाने तंतूचा फोटो त्याच्या मांडीवर ठेवला.

त्याने तो डोळ्यांजवळ धरला.

"किती खोल?"

"पंधराशे मीटर, काका."

"इतका खाली गेला?"

हेदियाच्या हातातला खजूर तसाच राहिला.

"कोण, काका?"

झावळ्या निश्चल होत्या. पान हलत नव्हतं. तरी काकाने कान झाकले.

"झाडावरून विहिरीत पडला. जिता होता. दोर माझ्या हातात होता, पोरी... पण बाग दोघांत वाटायची नव्हती मला."

तिने खजूर दाताखाली फोडला. आत बी नव्हतं.

"दोन दिवस गात होता," काका म्हणाला. "तू ऐकलास तो वारा नव्हता."