बुडाल्या गटाचं लेबल

अठ्ठ्याण्णवच्या द्राक्षहंगामात बारामतीच्या आमच्या पॅकिंग शेडमध्ये बारकोड आला. परदेशी गिऱ्हाइकाची अटच होती: खोक्यावरच्या रेघांवर यंत्राचा लाल उजेड मारला, की शेतकऱ्याचं नाव आणि जमिनीचा गट नंबर दिसला पाहिजे. मी शेडचा सुपरवायझर. लेबलं छापायचं काम माझ्याकडे आलं, म्हणजे शिव्या खायचंही.

"ह्या रेघा म्हंजी खोक्याला गोंदलंय जणू," पॅकिंगवाली सारजा म्हणाली.

गेणू इंदापूरकडचा. त्याचं गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, नवी बाग वरच्या माळावर. ह्या धरणग्रस्तांची एक खोड आहे. गट नंबर विचारला की बँकेत असोत नाहीतर दवाखान्यात, तोंडातून बुडालेल्या जमिनीचाच येतो. गेणूनंही तोच सांगितला. चूक कळेपर्यंत लेबलांचं अख्खं रीळ छापून झालं होतं. राहू दे म्हटलं. लंडनातून कोण पाण्यात डोकावणार?

पहिल्या दिवशी गेणूची तेवढी खोकी खालून ओलसर लागली. शीतगृहातलं दव असेल. मग सारजानं एक खोकं नाकाशी नेलं.

"साहेब, गाळाचा वास येतोय."

मी घड आधी हुंगले. वास नव्हता. लेबल चिकटवून पुन्हा हुंगले. होता. दुसऱ्याचं लेबल लावून पाहिलं, तर नुसता द्राक्षांचा वास. गारठ्यानं बोटं बधिर झाली होती. भीती वाटायला हवी होती, ती काही वाटली नाही. हिशेब जुळत नसला की होते तशी चिडचिड झाली, एवढंच.

त्यातच मालक म्हणाले, गिऱ्हाइकाचा माणूस बाग बघायला येतोय. मी गेणूला बोलावून घेतलं.

"गेणूराव, नंबर आजच बदलतो. नाहीतर गोऱ्याला होडीतून न्यावं लागेल."

गेणू हसला नाही. लेबल लावलेलं एक खोकं त्यानं उघडलं.

"देठ बघा. तिरका कापलाय. मी सरळ कापतो, माजी मानसंबी सरळ. तिरका आमचा जोती कापायचा. वांगं आसू, लिंबू आसू."

"जोती कोण?"

"जोतीराम. धाकला भाऊ, ईस-बावीसचा. वीस वर्सांमागं पानी चढाय लागलं तवा मीच त्येला माघारी धाडला, ऱ्हायलेला कडबा आनाया. आला न्हाय. मढंबी गावलं न्हाय." तो देठावरून अंगठा फिरवत राहिला. "तितंच हाय त्यो. नंबर पुसला तर तितं जायला वाट न्हाय, साहेब. एक लेबल द्या मला."

दिलं. उरलेली तशीही फेकायचीच होती. गेणूनं बाही वर सारून ते मनगटावर चिकटवलं आणि अंगठ्यानं नीट दाबलं, सारजा खोक्यावर दाबते तसं.

"आवं, तुमालाबी परदेशी धाडायचं का?" सारजानं टोमणा मारला.

"जवळच जायचंय," गेणू म्हणाला.

तो गेल्यावर मी कॉम्प्युटरात नंबर बदलला. जुनं रीळ जाळून टाकलं.

सकाळी गेणूचा माल आला. क्रेट कोरडे. वास नाही.

टेम्पोतून विशीतला एक पोरगा उतरला. नाक गेणूचं. कान गेणूचे.

"गेणूराव कुठायत?"

"दादा तितं थांबला. मला म्हनला, तू फुडं हो."

चहा ओतता ओतता सारजाचा हात थांबला.

मी नवी लेबलं छापायला घेतली. माल थांबवून चालत नाही.

पोरगा शेडच्या भिंतीपाशी गेला. डोक्याच्या वर हात टेकवला. मग टाचा उचलून आणखी वर.

"साहेब, पानी हितवर येत न्हाय न्हवं?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला, आणि क्रेटांच्या थप्पीवर चढून बसला, पाय पोटाशी घेऊन.