चांदीचं पाणी

आनंदरावांनी बाजेवर पाय वर घेतले आणि पोरांना म्हणाले, "शिकलेला माणूस भुताले भेत नाही म्हणतात. भेते रे! फक्त सांगत नाही. माह्या भाच्याचं, अनुपचंच ऐका."

अनुप भंडाऱ्याला कॉलेजात संशोधन करायचा. तेल, पाणी आणि साबण ढवळले की दुधासारखं पांढरं होतं. त्यात थेंबाथेंबानं अल्कोहोल सोडत गेलं, की एका थेंबाला सगळं अचानक काचेसारखं स्वच्छ. त्यात डोळ्यांना न दिसणारे पाण्याचे थेंब लपलेले असतात, आणि त्या थेंबांच्या पोटात चांदीचे इवले कण घडवायचे. साबणाचं कवच नीट बसलं तर पाणी पिवळंधमक टिकतं. नाही बसलं, तर कण एकमेकांना चिकटून तळाशी काळा गाळ.

सोबतीला आसगावची तृप्ती होती. शांत हाताची पोरगी. "थेंबाथेंबानं सोड ना, काहून घाई करून राहिला?" म्हणत त्याच्या खांद्यावर थाप मारायची. कधी मस्करीत चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बोटं बुडवून. ते पाणी वाळलं की दिसत नाही, उन्हात गेलं की काळं पडतं. दुपारी चहाच्या टपरीवर अनुपच्या शर्टावर चार बोटं उमटायची. तिची करंगळी जन्मापासून आखूड, त्यामुळे चोर लगेच सापडायचा.

पावसाळ्यात सरांना बाटल्या दाखवायच्या होत्या. अनुपच्या बाटलीत गाळ बसलेला. त्यानं गुपचूप आपल्या आणि तृप्तीच्या बाटलीवरच्या नावाच्या चिठ्ठ्या बदलल्या. सरांनी तृप्तीला सगळं पुन्हा करायला लावलं. ती रात्री उशिरापर्यंत थांबली, आणि घरी जाताना पवनी रोडवर ट्रकनं तिची स्कूटी उडवली.

अनुप तिच्या मातीला गेला. तिची आई पार्वताबाई त्याच्याच गळ्यात पडून रडली. तरी यानं तोंड उघडलं नाही. त्या दिवसापासून त्याला घास गोड लागला नाही.

मग आली गेल्या सालची कार्तिक अमावस्या. गुरुवारची रात्र. पहाटेच्या एसटीनं नागपूरला जाऊन काम दाखवायचं होतं. पांढरा शर्ट चढवून तो आपल्या नावाची चिठ्ठी लावलेली ती पिवळी बाटली आणायला प्रयोगशाळेत गेला.

कुलूप काढलं. आत आवाज... टिक... टिक...

ढवळायचं यंत्र सुरू होतं. काचेच्या भांड्यात दुधासारखं पाणी. वरच्या नळीतून थेंब पडला.

खोलीत कोणी नाही.

अजून एक थेंब...

पाणी स्वच्छ झालं. एकदम. पलीकडे तृप्तीचं स्टूल. रिकामं.

"तृप्ती... चुकलो मी..."

खांद्याला गार ओल लागली. हलकी.

बाटली उचलून तो पळाला. एसटीत मनाची समजूत घातली, भास झाला. बोलायचं नाही.

नागपुरात सभागृहाबाहेर ऊन पडलं होतं. सर म्हणाले, "अनुप, खांद्याले काय लागलं?"

त्यानं पाहिलं. डाग गडद होत होता... सावकाश. बिलकूल घाई नव्हती.

"सर," त्यानं बाटली पुढं केली, "ही बाटली माही नाही. तृप्तीची आहे. चिठ्ठ्या मी बदलल्या."

अनुपचं संशोधन तिथंच सुटलं. चांदीच्या क्षाराची बाटली तर दिवाळीपासून रिकामी होती, सरांनी स्वतः पाहिलं. शर्ट पार्वताबाईनं मागून नेला.

आनंदराव हळूच म्हणाले, "म्या पाह्यला तो शर्ट. चार बोटं आहेत... शेवटचं आखूड."